हळद खाणारा कॅमेरा

मी कॅमेरा बोलतोय. गोड बोलणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो. पनवेलच्या एका भातगिरणीच्या माडीवर काचेच्या कपाटात मला ठेवलंय, आणि इथे बसून बसून माझं डोकं फिरलंय. वर येणारे पाहुणे मला पाहून म्हणतात, वा, काय वस्तू आहे. पण तिकडे कामोठ्याला माझं नाव निघालं की बाया अजून म्हणतात, तो हळद खाणारा कॅमेरा. मी कुणाची हळद खाल्लेली नाही. कुणी खाल्ली, ते आज सांगणार आहे.

माझा जन्म जर्मनीतला. तिथल्या कारागिरांनी मला जीव लावून घडवलं. मला दोन डोळे दिले, एकावर एक. वरचा डोळा फोटो काढणाऱ्यासाठी. त्यातून जे दिसतं ते माझ्या डोक्यावरच्या काचेवर उमटतं. मला छातीशी धरायचं आणि मान खाली घालून पाहायचं. खालचा डोळा फिल्मसाठी. त्याच्यामागे रुंद फिल्मचा रोल बसतो आणि एका रोलमध्ये बारा चौकोनी फोटो निघतात. वरच्या डोळ्याला सगळे रंग दिसतात. फिल्मला मात्र फक्त काळं-पांढरं कळतं, आणि तेही तिच्यापर्यंत जेवढं पोचू द्याल तेवढंच. हे नीट लक्षात ठेवा, कारण पुढचा सगळा घोळ इथेच आहे.

दुसऱ्या महायुद्धाच्या आधी बोटीनं मी मुंबईला आलो आणि एका पारशी डॉक्टरांकडे राहिलो. डॉक्टर भला माणूस. बायकोचे फोटो काढायचे, कुत्र्याचे काढायचे, दोघं सारखेच चांगले यायचे. लढाईत फिल्म मिळेनाशी झाली आणि नंतर त्यांची नजर अधू झाली, तेव्हा त्यांनी मला विकायला काढलं. घेणारा होता पनवेलच्या भातगिरणीचा मालक, कमळाकर.

कमळाकरची हौस मी खोटी म्हणणार नाही. मला घरी आणल्यावर त्यानं हात धुऊन, पुसून, मगच मला उचललं. रविवारी सकाळी तो मला मऊ कातड्यानं पुसायचा, उंटाच्या केसांच्या ब्रशानं माझे डोळे झाडायचा. त्याचे दोन-तीन मित्र जमायचे आणि लेन्सवर तासन्‌तास वाद व्हायचे. लहान फिल्मवाल्या कॅमेऱ्यांचा विषय निघाला की कमळाकर नाक मुरडायचा. पोस्टाच्या तिकिटाएवढ्या तुकड्यावर कसला फोटो येणार, असं म्हणायचा. त्याची बायको मालू चहा आणून द्यायची आणि दाराशी उभी राहून ऐकायची. तिला कुणी काही विचारत नसे.

पण मला आणल्यावर त्याचं समाधान किती टिकलं? आधी डोळ्यावर ऊन पडू नये म्हणून टोपी आली. मग उजेड मोजायचं मीटर आलं, तिपाई आली, लांबून शटर दाबायचा रबरी फुगा आला, त्याला बारीक लांब नळी. दर खेपेला मुंबईहून काहीतरी यायचं, आणि ते आलं की त्याच्यासाठी फोटो काढायचा. समोर कोण आहे याच्याशी देणंघेणं नाही. मालूचा धड एक फोटो त्यानं काढला नव्हता. तिच्या चेहऱ्यावर म्हणे प्रकाश नीट पडत नाही.

एका चैत्रात त्यानं नारिंगी काच आणली. रुपयाएवढी, पितळी कड्यात बसवलेली, माझ्या खालच्या डोळ्यावर फिरवून चढवायची. त्या काचेनं निळं आकाश फिल्मवर गडद होतं आणि ढग पांढरेशुभ्र उठून दिसतात. तिची दुसरीही करामत होती. पिवळं आणि तांबडं तिच्यातून सगळं पार जातं, त्यामुळे फोटोत पिवळ्याचं पांढरं होतं आणि तांबडं फिक्कं पडतं. हे मी माझ्या पदरचं सांगत नाही. कमळाकरनंच मित्रांसमोर पानाचा डबा उघडून त्याचं व्याख्यान झोडलं होतं. मी टेबलावर होतो. मालू दाराशी होती.

त्याच आठवड्यात दाजी आला. कामोठ्याचा आगरी, थोडी भातशेती, थोडं मीठ. त्याचं भात वर्षानुवर्षं याच गिरणीत भरडलं जायचं. बायको कधीच गेलेली, एकुलती एक मुलगी वेणू, तिचं लग्न उरणला ठरलं होतं. त्यानं पागोटं हातात घेऊन एकच मागणं मागितलं. हळदीच्या दिवशी पोरीचा एक फोटो काढा, म्हणाला. ती गेली म्हणजे मी घरात कुणाचं तोंड पाहू? कमळाकर लगेच हो म्हणाला. मला वाटलं, चला, अखेर माणसाचा फोटो निघणार. केवढा खूश झालो होतो मी.

हळदीला आम्ही कामोठ्याला गेलो. मांडवात धवलारीण लग्नाची गाणी म्हणत होती, आणि या लोकांत लग्न लावते तीच, म्हणून तिच्यापुढे कुणाचं काही चालत नव्हतं. बायांनी वेणूला हळदीनं नुसती माखली होती. अंगावर हळदीत बुडवलेलं लुगडं, कपाळावर ठसठशीत कुंकू. ती मांडवाबाहेर पाटावर येऊन बसली आणि माझ्याकडे पाहून लाजून हसली. वरच्या डोळ्यानं मी तिला पाहिली. इतकी पिवळीधमक, इतकी भरलेली पोर मी त्याआधी पाहिली नव्हती.

आणि कमळाकर काय पाहत होता? आकाश. लांब कर्नाळ्याचा सुळका दिसत होता आणि त्याच्यावर कधी नव्हे ते चैत्रात ढग चढले होते. त्याच्या तोंडाला पाणी सुटलं. त्यानं खिशातून नारिंगी काच काढली आणि माझ्या खालच्या डोळ्यावर चढवली. अरे, समोर हळदीची नवरी बसली आहे! मला ओरडता आलं असतं तर साऱ्या गावानं ऐकलं असतं. त्यानं ढग चौकटीत नीट बसवले, वेणूला खालच्या कोपऱ्यात सरकवली आणि शटर दाबलं. नुसता एकच फोटो. बाकीचा रोल त्यानं परतीच्या वाटेवर ढगांवर उडवला.

गिरणीमागच्या अंधाऱ्या खोलीत फोटो धुतला तेव्हा ढग अप्रतिम आले होते, हे मी नाकारत नाही. पण त्यांच्याखाली एक बाई बसली होती. अंगावर पांढरं लुगडं. हळदीचा मागमूस नाही. कपाळ जवळजवळ मोकळं. कुंकू फोटो डोळ्याशी नेला तरच दिसावं इतकं फिकट. गावात याआधी कुणाकुणाचे फोटो निघाले होते, त्यात कुंकू काळंभोर दिसायचं आणि हळदही काळसर उठायची. लोकांना तेच माहीत. आणि हा शहाणा माणूस वाफा निघणारा चहा बाजूला सारून काय म्हणाला, तर ढग पाहा, ढग. त्यानं ढगांच्या कौतुकात दोन मोठ्या प्रती काढल्या. एक दाजीला दिली आणि दुसरी, कुणी मागितलेली नसताना, चौकटीत घालून उरणला मुलीच्या सासरी पाठवली.

वेणूची सासू ठमाबाई. तिचा नवरा मिठाच्या मचव्यावर होता, तो समुद्रात गेला तो परत आला नाही. मुलगा काशीराम त्याच कामावर. लग्न होऊन थोडे दिवस झाले आणि मचवा मीठ भरून दक्षिणेला निघाला, काशीराम त्याच्यावर गेला. मागोमाग हा फोटो घरात आला. त्या बाईनं तो पाहिला आणि तिच्या पायांखालची जमीन सरकली. सून पांढऱ्यात, कपाळ मोकळं, आणि पोरगा पाण्यावर. तिनं वेणूला दुसऱ्याच दिवशी माहेरी धाडून दिलं. काशीराम परतला की काडीमोड करून दुसरी मुलगी पाहायची, असा निरोपही पाठवला.

ठमाबाईचा मला राग येत नाही. समुद्रानं एक माणूस गिळलेल्या घरात तो फोटो कसा वाचला जाईल, हे तिला फोटो पाठवणाऱ्याला समजायला हवं होतं.

वैशाखात कामोठ्यात शेजारचंच लग्न निघालं. हळद दळायला सवाष्णी बोलावल्या, त्यात वेणूला कुणी बोलावलं नाही. ती जात्याशी जाऊन बसली तर एका म्हातारीनं हलकेच तिचा हात खुंट्यावरून बाजूला केला. कुणी वाईट बोललं नाही. पण त्या दिवसापासून पोरीनं अंगणात यायचं सोडलं. हे दाजीनं गिरणीत येऊन सांगितलं. वेणू त्याच्यामागे उभी होती, पदर डोक्यावरून ओढून.

दाजीनं हात जोडले. "शेट, तुमी शिकलेली मानसं. माज्यासंगं उरनला चला. म्हातारीला तुमच्या तोंडानं सांगा का फोटूत काय झालं. तुमचं ती ऐकंल."

एवढंच मागणं होतं. एस.टी.त बसायचं, उरणला उतरायचं आणि म्हणायचं, बाई, मी काच लावली होती, चूक माझी. कमळाकरला सगळं माहीत होतं. पण मित्रांत ढगांचा फोटो गाजत होता, मुंबईच्या एका प्रदर्शनात पाठवायचं घाटत होतं. नवरीच्या हळदीवर नारिंगी काच चढवली, हे बाहेर पडलं असतं तर मित्रांनी त्याला धारेवर धरलं असतं. तेवढ्यासाठी त्यानं मीटर खालीवर केलं, खाकरला आणि बोलला.

"कॅमेरा असतं तेच दाखवतो, दाजी. यंत्र खोटं बोलत नाही."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली; पाय असते तर. माझा खरेपणा त्यानं स्वतःची लाज झाकायला वापरला. माझ्या डोळ्यावर काच चढवणारा तो, आणि साक्षीला मला उभं केलं, तेही त्या पोरीच्या विरुद्ध. दाजीची मान खाली गेली. वेणू माझ्याकडे पाहत होती आणि ती नजर मी अजून विसरलो नाही. तिला वाटलं, मला तिच्यात खरंच काहीतरी दिसलं होतं.

तेव्हा मालू आतून बाहेर आली. तिनं शांतपणे विचारलं, ती काच कुठे आहे. कमळाकरनं मीटर पुसायला घेतलं. मग तिनं स्वतःच टेबलाच्या खणातून ती काढली आणि म्हणाली, मी पिवळं लुगडं नेसून येते, हळदकुंकू लावते, ही काच लावून माझा फोटो काढा. तो उरणला दाखवू, म्हणजे सगळ्याच बायका पांढऱ्या होतात हे त्यांना कळेल.

कमळाकर पांढरा पडला. भलतंसलतं बोलू नकोस, म्हणाला. सवाष्ण बाईचा असला फोटो काढतात का?

"का? यंत्र खोटं बोलत नाही ना?" मालू म्हणाली.

ती नेसून आली. हळदीचं बोट गालांवर ओढलेलं, कपाळभर कुंकू. गिरणीच्या अंगणात स्टुलावर बसली. कमळाकरनं मला तिपाईवर चढवलं, मालूनं दिलेली काच लावली, लेन्स जुळवली, शटरची कळ ओढून ठेवली. मग त्याची बोटं हळूच माझ्या खालच्या डोळ्याकडे आली. तो काच काढू लागला होता! दुसऱ्याची पोर पांढरी झाली तर ढग पाहा, आणि स्वतःची बायको म्हटल्यावर बोटांना बरोबर आठवलं काय करायचं ते. विज्ञानावर व्याख्यानं देणारा हा माणूस एका फोटोला भ्याला, आणि हीच भीती बाळगली म्हणून मित्रांत तो ठमाबाईला अडाणी म्हणत होता.

"काच राहू द्या," मालू बसल्या जागेवरून म्हणाली.

त्यानं हात मागे घेतला आणि तो सरळ घरात निघून गेला. दार लावून घेतल्याचा आवाज आम्ही सगळ्यांनी ऐकला. मालूनं रबरी फुगा वेणूच्या हातात दिला. वेणू दोन पावलं मागे सरली.

"वैनी, नको. माज्या हातानं तुमचं असं..."

"माझं कपाळ माझं आहे. तू दाब."

वेणूनं डोळे मिटले आणि दाबलं. मग मालूनं उठून काच काढली, नवऱ्याला करताना पाहिलं होतं तशी फिल्म पुढे सरकवली, शटरची कळ ओढली, परत जाऊन बसली आणि दुसरा फोटो काढायला लावला. या वेळी वेणूनं डोळे उघडे ठेवले.

रोल बाजारातल्या स्टुडिओत द्यायची मालूची तयारी होती. ते मात्र कमळाकरला परवडणारं नव्हतं. साऱ्या पनवेलनं त्याच्या बायकोला तशी पाहिली असती. मुकाट्यानं त्यानंच फोटो धुतले. रसायनाच्या ताटात पहिला फोटो उमटत गेला, पांढरं लुगडं, मोकळं कपाळ, आणि तो पाहत उभा राहिला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी पाहिलं. मला वाटलं, आता तरी हा माणूस उठेल आणि उरणला जाईल. सकाळी म्हणाला, गिरणीत भात फार आलंय.

मालू गेली. दाजी बरोबर होता, आणि तिच्या पिशवीत मी, काच आणि दोन्ही फोटो. वेणू आली नाही. बोलावल्याबिगर मी त्या घरात पाय ठेवणार नाही, असं तिनं बापाला निक्षून सांगितलं होतं, आणि मला ते फार आवडलं.

ठमाबाई ओट्यावर जाळं सांधत बसली होती. मालू तेच पिवळं लुगडं नेसून, तेवढंच कुंकू लावून तिच्यासमोर बसली आणि दोन्ही फोटो पुढे ठेवले. म्हातारीनं एक पाहिला, दुसरा पाहिला, मग मालूकडे टक लावून पाहिलं. काच मागून घेतली आणि डोळ्याला लावली.

"हिच्यातून तं सगला तांबडा दिसतंय. पांढरा कुठं?"

मालूनं खरं ते सांगितलं. ते कसं होतं हे मला नाही समजावता येत, म्हणाली. पण होतं, आणि माझंही झालंय, हे तुमच्यासमोर आहे. वेणूच्या फोटोला हीच काच होती.

म्हातारीनं काच मालूच्या हातात परत दिली. मग तिनं विचारलं, "तुजा नवरा हाय ना ग जित्ता?"

"आहेत. गिरणीत तोंड लपवून बसलेत."

ठमाबाई हसली नाही. तिनं पदरानं मालूचा फोटो पुसला, उगाचच, आणि म्हणाली, "ज्यानं केला त्यानं यावं ना. बायलीला का धाडतंय?" पण म्हातारी उठली. जाळं तसंच टाकलं, घराला कडी घातली आणि आमच्याबरोबर एस.टी.त येऊन बसली.

कामोठ्याला ती दाजीच्या दारात उभी राहिली. वेणू आतून आली. आळीतल्या बाया गोळा झाल्या होत्या, सगळ्यांसमोर ठमाबाई म्हणाली, "माजी चूक झाली, पोरी. मी भ्याले. चल घरा." वेणूनं उत्तर द्यायला वेळ घेतला, आणि घ्यायलाच हवा होता. मग ती लुगडं बदलून बापाच्या पाया पडली आणि सासूबरोबर गेली. पावसाच्या आधी मचवा धक्क्याला लागला. काशीराम धडधाकट उतरला, त्याला या सगळ्यातलं काहीच माहीत नव्हतं.

संपलं असं तुम्ही म्हणाल. सगळं गोड झालं, मग हा अजून का चिडलाय? सांगतो.

तो फोटो प्रदर्शनात गेला. पाठवताना कमळाकरनं खालचा भाग कापून टाकला. वेणूच नाहीशी केली. उरले कर्नाळा आणि ढग. त्याला बक्षीस मिळालं. ती चौकट आज माझ्या कपाटाच्या वरच भिंतीवर लटकते आहे. आता त्यानं लेन्स बदलता येणारा नवा कॅमेरा घेतलाय, मला शोभेला ठेवलंय. पाहुण्यांना तो सांगतो, याच कॅमेऱ्यानं काढला बरं का, नारिंगी काच लावून. पाहुणे माना डोलावतात. मालू चहा ठेवते आणि त्याच्याकडे न पाहता निघून जाते. गेली कित्येक वर्षं ती त्या चौकटीवरची धूळ पुसत नाही. तीही माझ्यासारखीच चिडलेली आहे, आणि या घरात मला तेवढाच आधार आहे.

चूक कुणाचीही होते. काच चढवली, ढगांना भुलला, इथवर मी सोडून दिलं असतं. पण ज्या म्हातारीनं नवरा गमावला होता, जिला माझ्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, ती भर आळीत माजी चूक झाली म्हणाली. आणि ज्याला सगळं कळत होतं त्यानं ते दोन शब्द आजवर उच्चारलेले नाहीत. वेणू आता दोन मुलांची आई आहे. दाजी म्हातारा झालाय, भात दुसऱ्या गिरणीत नेतो. कुणी कमळाकरला काही विचारत नाही, म्हणून त्याला वाटतं, मिटलं.

मिटलेलं नाही, कमळाकर. मला तेल नको, कातड्यानं पुसणं नको, नवी टोपीही नको. माझ्यात पुन्हा फिल्म भर, असंही मी म्हणत नाही. उरणची एस.टी. रोज सकाळी सुटते. मला नेऊ नकोस. मालूलाही धाडू नकोस. तू जा.